व्हेनिस बघावं उभ्या उभ्या

नमस्कार मंडळी. आज जरा व्हेनिसबद्दल बोलूया, आणि तेही खिशाला परवडेल अशा बेताने. आपल्याकडचे बरेच जण युरोपच्या ग्रुप टूरमध्ये तिथे जाऊन आलेले असतात. ती पद्धत ठरलेली, बस गावाच्या तोंडाशी थांबते, तिथून बोटीने सान मार्कोच्या चौकात सोडतात, काच कशी फुंकतात ते दाखवतात, गोंडोलात बसवतात, फोटो काढा म्हणतात आणि संध्याकाळच्या आत परत बसमध्ये. पैसे सगळे खर्च झालेले असतात आणि गाव बघायचंच राहिलेलं असतं. म्हणून माझं म्हणणं एवढंच, की स्वतःचे स्वतः जात असाल तर एक रात्र आणि दोन दिवस द्या, आणि एक गोष्ट लक्षात ठेवा, व्हेनिसमध्ये बसायचे पैसे पडतात, उभं राहणं आणि चालणं जवळजवळ फुकट आहे.

कॉफीच घ्या ना. इटलीत कुठल्याही बारमध्ये, आता बार म्हणजे तिकडे आपलं साधं कॉफीचं दुकान हां, दचकू नका, तर काउंटरला उभं राहून एस्प्रेसो प्यायलात तर दीडेक युरोत काम होतं, तीच कॉफी टेबलावर मागवली की भाव बदलतो. आणि सान मार्कोच्या चौकात १७२० सालापासून चालू असलेलं कॅफे फ्लोरिअन आहे, तिथे बाहेर बसलात आणि वाद्यवृंद वाजत असेल तर संगीताचे पैसे वेगळे लावतात. बसायचं असेल तर खुशाल बसा, पण बिल आल्यावर डोळे पांढरे करू नका. संगीत काय, चौकात उभं राहूनही तितकंच ऐकू येतं.

गोंडोलाचंही तसंच. सरकारी दर दिवसा अर्ध्या तासाला ९० युरो, संध्याकाळी सातनंतर ११०. हा दर अख्ख्या नावेचा असतो, माणशी नाही, त्यामुळे पाच जण मिळून बसलात तर ठीक पडतं, दोघांनाच जायचं असेल तर मी तरी जाणार नाही. त्याऐवजी त्राघेत्तो शोधा. ग्रँड कॅनॉल, म्हणजे गावातला मुख्य कालवा, जवळजवळ पावणेचार किलोमीटर लांब आणि त्यावर पूल फक्त चार, १८५४ पर्यंत तर रियाल्तोचा एकटाच होता, मग लोकांनी पलीकडे जायचं कसं, तर गोंडोलासारखीच एक मोठी नाव, दोन नावाडी, आणि या काठावरून त्या काठाला सोडायचे दोन युरो. रियाल्तोच्या बाजाराजवळ सांता सोफियाला ती मिळते. गावातले लोक त्यात उभेच राहतात, एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्यात फोन. आपल्याला जमत नसेल तर बसा, कोणी हसत नाही.

राहायचं कुठे? गावात हॉटेलं महाग, म्हणून बहुतेक जण मेस्त्रेला राहतात, ते व्हेनिसला जमिनीशी जोडणाऱ्या पुलाच्या अलीकडे आहे. तिथून ट्रेनने दहा-बारा मिनिटं आणि तिकीट दीडेक युरोचं. फक्त स्टेशनच्या नावात गोंधळ होतो, व्हेनेझिया मेस्त्रे वेगळं आणि व्हेनेझिया सांता लुचिया वेगळं, कालवे पाहिजेत तर शेवटचं स्टेशन सांता लुचिया. बाहेर पडलात की समोर पायऱ्या आणि त्याखाली थेट पाणी, रिक्षा नाही, बस नाही, काही नाही. दुसरं म्हणजे २०२४ पासून ठरावीक गर्दीच्या दिवशी, मुख्यतः एप्रिल ते जुलैमध्ये, फक्त दिवसापुरतं येणाऱ्यांना प्रवेशशुल्क आहे, पाच युरो, आणि ऐन वेळी काढलंत तर दहा. रात्री मुक्काम असेल तर ते माफ, मेस्त्रेला राहिलात तरी माफ कारण मेस्त्रे व्हेनिसच्याच नगरपालिकेत येतं, पण वेबसाइटवर तशी नोंद करून ठेवायची.

वापोरेत्तो म्हणजे पाण्यातली बस. एक तिकीट साडेनऊ युरोचं, ७५ मिनिटं चालतं, म्हणजे दोन-तीनदा चढलात की २५ युरोचा चोवीस तासांचा पास बरा. माझं मत विचाराल तर पास दुसऱ्या दिवशी घ्या, पहिला दिवस पायीच. पास घेतला की एक नंबरच्या बोटीने अख्खा ग्रँड कॅनॉल, मग बुरानोचं रंगीत बेट, मग येताना मुरानो. काचेच्या भट्ट्यांनी आग लागायची म्हणून १२९१ मध्ये काच करणाऱ्यांना मुरानोला हलवलं, ते तिथेच राहिले.

चालताना हरवाल, हे गृहीत धरा. मॅप अरुंद गल्ल्यांमध्ये चक्रावतो आणि घरनंबर रस्त्याप्रमाणे नाहीत, अख्ख्या पेठेला सलग दिलेत, त्यामुळे पाच हजारांच्या पुढचे नंबरही दिसतात. भिंतीवरचे पिवळे बोर्ड बघत चला, रियाल्तोकडे, सान मार्कोकडे, स्टेशनकडे, एवढं पुरतं. कान्नारेजियो नावाच्या पेठेत घेत्तोचा चौक आहे, १५१६ मध्ये ज्यू लोकांना तिथे कोंडून ठेवलं, रात्री दारं बंद व्हायची, जागा वाढेना म्हणून मजल्यावर मजले चढवले, ती उंच घरं अजून आहेत. सान झक्कारिया चर्चमध्ये जोव्हान्नी बेल्लिनीचं १५०५ सालचं चित्र आहे आणि आत जायला पैसे नाहीत. डोजेच्या, म्हणजे व्हेनिसच्या जुन्या राज्यप्रमुखाच्या, राजवाड्याचं तिकीट तीस युरोच्या आसपास, इतिहासाची आवड असेल तर द्या, नसेल तर बाहेरूनही तो सुंदरच आहे.

आणि एक आपल्या जवळची गोष्ट. निकोलाव मनुची, मोगलांबद्दल लिहिणारा, तो याच गावचा. १६५३ मध्ये चौदा-पंधरा वर्षांचा पोरगा असताना जहाजात लपून पळाला, फिरत फिरत हिंदुस्थानात पोचला आणि १६६५ मध्ये मिर्झाराजे जयसिंगाच्या छावणीत तोफखान्यावर होता. तिथे शिवाजी महाराजांशी भेट झाली, बोलणं झालं, असं त्याने लिहून ठेवलंय. बंदरावर उभं राहिलं की हा पोरगा आठवतो, मला तरी.

खाण्याचं सांगतो. बाकारो नावाची छोटी दुकानं असतात, काउंटरवर चिकेत्ती मांडलेल्या, म्हणजे पावाच्या तुकड्यावर काहीबाही, दोनेक युरोला एक. बाकाला असतो, तो आपल्या सुक्या बोंबलासारखा वाळवलेला मासा, पण भिजवून, तेलात घोटून मऊ केलेला. सार्डिन कांदा, व्हिनेगर, मनुके घालून मुरवलेले असतात तेही चाखा. शाकाहारी लोकांना पर्याय कमी पण चीजचे, भाज्यांचे तुकडे मिळतात, नाहीतर पिझ्झाचा स्लाइस. तिथेही उभ्यानेच खायचं. हॉटेलात बसलात की कोपेर्तो म्हणून माणशी दोन-तीन युरो बिलात येतात, जेवण वेगळं. पाणी विकत घेऊ नका, चौकाचौकात पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत, बाटली भरा. पण सान मार्कोत जमिनीवर बसून डबा उघडू नका, दंड होतो, कबुतरांना दाणे टाकलेत तरी होतो.

नोव्हेंबर आणि जानेवारीत हॉटेलं स्वस्त असतात, पण थंडी, धुकं आणि भरतीचं पाणी गावात शिरण्याचे दिवसही तेच. २०१९ च्या नोव्हेंबरात भरतीची पातळी १८७ सेंटीमीटरपर्यंत चढली होती (म्हणजे रस्त्यात तेवढं पाणी नव्हे). २०२० पासून समुद्राच्या तोंडाशी दरवाजे बसवलेत, मोठं पाणी आलं की ते उचलतात, त्यामुळे आता तेवढी धास्ती नाही. तरी बूट जाड घ्या.

आणि चाकांची मोठी बॅग मेस्त्रेलाच ठेवा, नाहीतर सांता लुचियाच्या लगेज काउंटरवर टाका. गावात चारशेच्या वर पूल आहेत आणि जवळपास प्रत्येकाला पायऱ्या. चला, येतो, नमस्कार.