डोंगराने पाण्यात ढकललेले जहाज

पुण्यातील एका तरणतलावाच्या तळाशी, पाठीवर हवेचे सिलिंडर बांधलेले पाच-सहा जण गुडघे टेकून बसले आहेत. मास्कमध्ये शिरलेले पाणी नाकाने हवा सोडून बाहेर घालवण्याचा त्यांचा सराव चालू आहे. निळ्या फरशीखेरीज येथे पाहण्यासारखे काही नाही. मात्र त्यांना जायचे आहे ते बाली बेटावरील तुलांबेनला, जेथे किनाऱ्यालगतच पाण्याखाली ‘लिबर्टी’ हे सुमारे १२० मीटर लांबीचे जहाज कुशीवर पडलेले आहे.

१९१८ मध्ये अमेरिकेत बांधलेले हे मालवाहू जहाज रेल्वेचे सुटे भाग आणि रबर घेऊन चालले असता, ११ जानेवारी १९४२ रोजी जपानी पाणबुडीचा टॉर्पेडो त्यावर आदळला. दोन युद्धनौकांनी ते ओढून नेण्याचा प्रयत्न केला, परंतु आत पाणी फार भरल्याने ते तुलांबेनच्या किनाऱ्यावर चढवावे लागले. तेथे ते एकवीस वर्षे राहिले. १९६३ मध्ये आगुंग ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि त्याच्या हादऱ्यांनी जहाज समुद्रात घसरले. युद्धात बुडालेली जहाजे पुष्कळ आहेत. डोंगराने बुडवलेले क्वचितच.

प्रवाळाच्या अळीला जन्मभर चिकटून राहण्यासाठी न हलणारा, टणक आधार लागतो. तुलांबेनच्या काळ्या, लाटांबरोबर सरकणाऱ्या गोट्यांवर तो मिळत नव्हता. लोखंडी पत्र्यावर मिळाला. बहुतेक प्रवाळ आपल्या शरीरातील सूक्ष्म शैवालाने उन्हाच्या बळावर बनवलेल्या अन्नावर जगतात, त्यामुळे जेमतेम पाच मीटर खोलीवरील भागही वस्तीने भरला आहे. तीस मीटरच्या आसपासच्या भागात लाल प्रकाश पोहोचत नसल्याने सारे निळे-राखाडी भासते, आणि टॉर्च लावताच तेच प्रवाळ लालभडक दिसतात. तेथे दाब पृष्ठभागाच्या चौपट असतो आणि सिलिंडरमधील हवाही चौपट वेगाने संपते. (तारकर्लीला डायव्हिंग करून त्याच दिवशी घाट चढून पुण्याला परतण्याची घाई करणाऱ्यांनी, रक्तात विरघळलेला नायट्रोजन उंचीवर बुडबुड्यांच्या रूपाने त्रास देतो, हेही ध्यानात ठेवावे.)

लोखंड मात्र गंजत आहे. पत्रे खचतात, तेव्हा त्यांवरील प्रवाळही कोसळतात. त्यात एखाद्याच्या पायातील फिनचा (पोहण्यासाठी घातलेल्या रबरी पंखाचा) फटका बसला, तर अनेक वर्षांची वाढ क्षणात तुटते. म्हणूनच या तलावात आजचा अखेरचा तास केवळ श्वासाच्या आधारे, फरशीला स्पर्श न करता, तिच्यापासून वीतभर वर स्थिर राहण्यासाठी राखून ठेवलेला आहे.