तंजावरला मुक्काम करा, नुसतं उतरू नका

मंडळी, विषय ठरलाय तंजावरला गेल्यावर काय बघायचं आणि काय करायचं, ते सांगतोच, पण आधी मनातलं बोलू द्या. आपल्या ठाण्यातनं दरवर्षी एवढी माणसं दक्षिणेत जातात, मदुराई, रामेश्वर, कन्याकुमारी सगळं होतं आणि तंजावर मात्र वाटेत उरकतात, दीड तासात. ज्या गावात मराठ्यांनी पावणेदोनशेच्या वर वर्षं राज्य केलं तिथे मराठी माणूस एक रात्र राहत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आमच्याच टूरचं सांगतो, नाव नको. त्रिचीहून बस निघायलाच उशीर, मग नाश्ता लांबला, बृहदीश्वराच्या दारात पोचलो तेव्हा पावणेबारा. देऊळ दुपारी साडेबाराला बंद होतं ते चारला उघडतं, हे रोजचं आहे, टूरवाल्यांना माहीत नको? चपला बाहेर, फरशी तव्यासारखी तापलेली, सगळे सावली बघून पळतायत. नंदीपाशी ग्रुप फोटो झाला की मॅनेजरने हाकारे सुरू केले. मी म्हटलं, अहो थांबा, आवाराच्या नैऋत्येकडच्या भिंतीवर मराठी शिलालेख आहे, दहा मिनिटं द्या. तर म्हणाला, काका, प्रोग्रॅममध्ये नाहीये. आमच्यात कळव्याच्या एक आजी होत्या, त्या माझ्यामागे आल्या, मराठी? इथे? मला वाचायचंय म्हणाल्या. दोन ओळी वाचून होईपर्यंत बोलावणं आलं आणि त्या वळून वळून बघत बसमध्ये चढल्या.

आता तो लेख काय आहे ते ऐका. 1803 मध्ये तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजांनी भोसल्यांचा अख्खा इतिहास दगडात खोदून घेतला, देवनागरीत, म्हणजे आपल्या शाळकरी पोरांनाही अक्षरं लावता येतात. ऊन तिरकं असलं की अक्षर न् अक्षर उठून दिसतं, म्हणून सकाळी लवकर नाहीतर चारनंतर जा. आणि देऊळ कुणाचं, तर राजराज चोळाचं, 1010 साली पूर्ण झालेलं, विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचं शिखर, साधारण 66 मीटर उंच. तमिळ शिलालेखांनी भरलेल्या त्या देवळात आपल्या राजाने स्वतःचा इतिहास मराठीत लिहिला आणि तो तिथे आजही आहे, यापरतं अजून काय पाहिजे? हां, गाइड सांगेल की शिखराची सावली जमिनीवर पडत नाही. पडते हो! संध्याकाळी उभं राहून बघा.

हे राज्य व्यंकोजीराजांनी उभं केलं, शिवरायांचे सावत्र भाऊ, आणि 1855 मध्ये वारस नाही म्हणून इंग्रजांनी खालसा केलं. आपण मराठी नाटकाची सुरुवात 1843 ला सांगलीत धरतो ना, तंजावरचे शहाजीराजे, म्हणजे या व्यंकोजींचे चिरंजीव, त्याच्या दीडेकशे वर्षं आधी मराठीत नाटकं लिहीत होते. गडकरी रंगायतनला नाटक बघणाऱ्या ठाणेकरांना हे ठाऊक हवं.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. बरं, पटापट सांगतो. दोन रात्री राहा. विमानाने त्रिची, तिथून साधारण साठ किलोमीटर, ट्रेन आणि बस दोन्ही आहेत. देऊळ सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा. मधल्या वेळात राजवाडा, तिथलं चोळकालीन कांस्यमूर्तींचं दालन घाईत बघू नका, नटराजासमोर जरा थांबा. त्याच आवारात सरस्वती महाल ग्रंथालय, ताडपत्रं, मराठी हस्तलिखितं, मोडी कागदपत्रांचे गठ्ठे, सगळं बघायला मिळत नाही पण संग्रहालयात पुष्कळ मांडलंय. सरफोजी स्वतः डोळ्यांच्या उपचारात रस घेणारा राजा, रोग्यांच्या नोंदी चित्रांसकट ठेवलेल्या आहेत. शिवगंगा बागेजवळ श्वार्ट्झ चर्च, श्वार्ट्झ हा मिशनरी सरफोजीचा गुरू, मरणशय्येवरच्या गुरूला भेटायला आलेला राजा तिथे संगमरवरात कोरलाय.

खरेदीत सोन्याच्या वर्खाचं तंजावर चित्र, घाई नको, आधी काम चाललेलं बघा आणि वर्ख खरा आहे का विचारा. मान डोलवणारी बाहुली मुलांसाठी. फणसाच्या लाकडाची वीणा करणारे कारागीर गावात आहेत, घ्यायची नसली तरी बघायला जा.

दुसऱ्या दिवशी गाडी करून दारासुरमचं चोळकालीन देऊळ आणि कुंभकोणम, पितळी वाटी-पेल्यातली डिग्री कॉफी, म्हणजे निर्भेळ दुधातली फिल्टर कॉफी, तिथेच प्या. परतताना तिरुवैयारू, कावेरीकाठी कर्नाटक संगीताचे संत रचनाकार त्यागराज यांची समाधी, आणि बाजारात मूगडाळीचा अशोका हलवा, गरम असतानाच खा. जानेवारीच्या सुमारास त्यांच्या पुण्यतिथीची आराधना असते, शेकडो गायक एकत्र बसून त्यांच्या पंचरत्न कृती, म्हणजे पाच निवडक रचना, गातात. तारीख तिथीवर ठरते, पुष्य बहुल पंचमी, म्हणजे आपल्या पंचांगात पौष वद्य पंचमी बघा आणि मगच तिकिटं काढा, हॉटेल मात्र तिकिटं काढाल त्याच दिवशी बुक करा, नंतर खोल्या मिळत नाहीत.