बरणीतली लादी

(पडद्यावर: खिडकीत, उन्हात ओळीनं ठेवलेल्या सहा काचेच्या बरण्या.)

बरण्या लोणच्याच्या आहेत. आत मात्र लोणचं नाही. एकीत व्हिट्रिफाइड लादीचा तुकडा, दुसरीत कोटा दगड, मग व्हायनलची पट्टी, लॅमिनेट, वाळलेला ग्राउट, म्हणजे लाद्यांच्या फटी भरायचा माल. घरात घालायच्या वस्तूला वास सुटतो का, हे बघायला. सहावी रिकामी. आधी तिचा वास घ्यायचा, मग बाकीच्यांचा. पहिल्या दिवशी या रिकाम्या बरणीलाच मोहरीचा वास आला, आणि सगळ्या पुन्हा सोड्यानं धुवाव्या लागल्या.

नेरुळ. सिडकोनं बांधलेली चार मजली इमारत, लिफ्ट नाही. तिसऱ्या मजल्यावर माझी मोठी बहीण राहते. एप्रिलमधल्या एका दुपारी तिच्या हॉलमधल्या लाद्या फटाका फुटावा तसा आवाज करत उखडल्या आणि मधोमध तंबूसारख्या उभ्या राहिल्या. इकडे हे नवलाचं नाही. लाद्या एकमेकींना घट्ट भिडवलेल्या, खालचा सिमेंटचा माल पोकळ, त्यात उन्हाळा. दुसरं कुणी असतं तर दुकानात जाऊन रंग पसंत करून आलं असतं. ताईनं मिस्त्रीला पहिलाच प्रश्न विचारला, "चिकटवणार कशानं?"

ताईला केमिकल सोसत नाहीत. अत्तर, ताजा रंग, थिनर, कधी कधी अगरबत्तीसुद्धा. डोकं जड होतं, घसा आवळतो, बोलता बोलता शब्द सापडेनासे होतात. 'मल्टिपल केमिकल सेन्सिटिव्हिटी' हे नाव अमेरिकेतले डॉक्टर मार्क कलन यांनी १९८७ साली रूढ केलं. हा स्वतंत्र आजार मानायचा की नाही, यावर डॉक्टरांचं अजून एकमत नाही. ताई म्हणते, "त्यांनी सावकाश ठरवावं. मला आज रात्री झोपायचंय."

(पडद्यावर: बेडरूममधली जुनी मोझॅक लादी, अगदी जवळून. पांढऱ्यात काळ्या-तपकिरी खड्या.)

तिला अद्दल घडली ती याच खोलीत. सहा वर्षांपूर्वी इथं 'वुडन फ्लोरिंग' घातलं होतं. लाकूड नावालाच, खरं तर लॅमिनेट. वर लाकडाचं चित्र छापलेला कागद, खाली दाबून केलेला भुशाचा बोर्ड. हा भुसा धरून ठेवणारा चिकटा बहुतेक वेळा युरिया-फॉर्मल्डिहाइडचा असतो, आणि त्यातून फॉर्मल्डिहाइड वायू महिनोन्‌महिने सुटत राहतो. उकाडा आणि दमटपणा वाढला की अधिकच. म्हणजे आपला अख्खा पावसाळा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ मध्ये हा वायू माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत घातला. कंत्राटदारानं 'ई-वन' लिहिलेला कागद दाखवला होता. त्याचा अर्थ वायू ठरलेल्या मर्यादेत सुटतो, सुटतच नाही असा नव्हे. हे आम्हाला कळलं तोवर ताई दोन पावसाळे हॉलमधल्या सोफ्यावर झोपली होती.

शेवटी पट्ट्या उचलल्या. त्या एकमेकींत नुसत्या अडकवलेल्या निघाल्या, हे नशीब. खाली फोमचा पातळ थर, आणि त्याखाली सिडकोची मूळ मोझॅक, जशीच्या तशी. घासली, पुसली, तशीच ठेवली. चांगली जुनी लादी केवळ हौसेपायी फोडू किंवा झाकू नये, हे माझं मत तेव्हापासूनचं.

हॉलला मात्र पर्याय नव्हता. दुकानदार म्हणाला, व्हायनल घ्या, अर्ध्या दिवसात काम होतं. तीन दिवस उन्हात ठेवलेली व्हायनलची बरणी आधी मी उघडली. नव्या रेनकोटचा वास! व्हायनल म्हणजे पीव्हीसी. ते मऊ राहावं म्हणून त्यात प्लॅस्टिसायझर मिसळतात, बऱ्याचदा फ्थॅलेट. ती बरणी ताईपर्यंत गेलीच नाही. कोटा राजस्थानचा चुनखडीचा दगड, त्याला वास नाही. पण तो तेल-हळद पिऊन घेतो, म्हणून त्यावर डाग रोखणारा सीलर लावावा लागतो, आणि सीलरमध्ये बऱ्याचदा थिनरसारखं सॉल्व्हंट. व्हिट्रिफाइड लादी भट्टीत १२०० अंशांच्या आसपास भाजून निघते. हवेत उडून नाकात जाईल असं तिच्यात काही उरत नाही.

बरणीवर सगळा भरवसा टाकता येत नाही, हेही सांगायला हवं. थोड्या प्रमाणातला फॉर्मल्डिहाइड अनेकांच्या नाकाला कळतच नाही. म्हणून बरणीतून पास झालेला तुकडा ताई आठवडाभर उशाशी ठेवते.

(पडद्यावर: घमेलं, थापी, ओला माल.)

लादी ठरली, तरी खरी घासाघीस पुढेच होती. मिस्त्री एपॉक्सी ग्राउटचा आग्रह धरून बसला. डाग पडत नाहीत, हे त्याचं खरं. पण तो दोन डब्यांतलं रसायन कालवून करतात, आणि सुकेपर्यंत त्याचा दर्प राहतो. ताईनं सिमेंटचा ग्राउट घेतला. सांधे काळे पडतील, ब्रशनं घासावे लागतील, हे कबूल करून घेतला. खाली वाळू-सिमेंटचा साधा माल. यावेळी दोन लाद्यांमध्ये स्पेसर घालून दोन मिलिमीटरची फट. लाद्या कापल्या गच्चीवर, पाणी सोडून, म्हणजे धूळ घरात नको आणि कापणाऱ्याच्या छातीतही नको. तोवर ताई ठाण्याला, नौपाड्यात माझ्याकडे.

काम झाल्यावर खिडक्या उघड्या ठेवा, असं सगळेच सांगतात. ठाणे-बेलापूर पट्ट्यात राहणाऱ्याला हे सांगणं सोपं नाही. रात्री वारा फिरला की एमआयडीसीकडचा वास घरात येतो. म्हणून सकाळी दहा ते संध्याकाळी पाच खिडक्या सताड उघड्या, रात्री बंद. असे तीन आठवडे.

(पडद्यावर: नवी लादी. दारात बादली.)

ताई परत आली त्या सकाळी कामवाल्या मावशी खूश होत्या. नवीन लादी म्हणून त्यांनी पदरचे पैसे घालून फिनेलची बाटली आणली होती, झाकणही उघडलं होतं. ताई दारातच थबकली, ओढणी नाकाला. मग मावशींची समजूत काढण्यात अर्धा तास गेला.

"नुसत्या पाण्यानं?" मावशी बादलीकडे बघत म्हणाल्या. "मग पुसल्याचं कळणार कसं, ताई?"