आधी बादली, मग कुदळ

नमस्कार, श्रोतेहो. पाऊस संपून दोन महिने झाले की आपल्या बेळगावात अंगणातली हिरवळ पिवळी पडायला लागते आणि संध्याकाळी पाइप धरून उभं राहण्याचा कंटाळा येतो. मग वाटतं, घरीच स्प्रिंकलर बसवावेत. बसवता येतात. मी बसवले, आणि आधी चुकलोही.

चूक अशी, की बाजारात जाऊन पहिल्यांदा स्प्रिंकलरच आणले. तांबड्या मातीत दोन दिवस चर खणले, पाइप जोडले, गच्चीवरच्या टाकीचा कॉक सोडला. स्प्रिंकलरनी जमिनीतून डोकंसुद्धा वर काढलं नाही. कुंपणावरून शेजारच्या मावशी म्हणाल्या, "पाइप तर घातलासा, खरं पाण्याला जोर कुठनं आणणार?"

आपल्याकडं 'खरं' म्हणजे 'पण', आणि तो 'पण' अगदी वर्मी लागला. टाकीतलं पाणी तेहतीस फूट उंच असेल तेव्हा कुठं एक किलो प्रेशर मिळतं, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर एक किलोचा जोर. माझी टाकी पंचवीस फुटांवर, म्हणजे पाऊण किलो. उसळून वर येणाऱ्या फवाऱ्याला साधारण दोन किलो लागतं. म्हणजे पंप आलाच.

तेव्हा आधी पंपाच्या तोंडाशी प्रेशरचा काटा बसवा. पुढचा कॉक हळूहळू आवळत काटा अडीच किलोवर आणा. अर्धा किलो वाटेत पाइपातच जातं. आता 20 लिटरची बादली किती सेकंदांत भरते ते बघा. चाळीस सेकंद लागले, तर मिनिटाला 30 लिटर. हा आकडा भिंतीवर लिहून ठेवा, पुढचं सगळं त्यावरच चालतं.

समजा हिरवळ तीस बाय तीस फूट आहे आणि फवारा पंधरा फूट जातो. एकाचं पाणी दुसऱ्याच्या बुडापर्यंत पोचलं पाहिजे, म्हणून तीन ओळींत नऊ फवारे. कोपऱ्यातला पाव वर्तुळाचा, मिनिटाला साडेतीन लिटर. कडेचा अर्धा, सात. मधला पूर्ण, चौदा. बेरीज 56. पंप देतो 30! म्हणून दोन लाइनी करायच्या: कडेच्या दोन ओळी एका कॉकवर, मधली ओळ दुसऱ्यावर. दोन्हीकडं 28-28 लिटर. एका वेळी एकच कॉक उघडायचा.

बाकी काम अंगमेहनतीचं. फक्कीनं रेषा आखा, नऊ इंच चर खणा, पंपानंतर फिल्टर घाला. पाइप चिकटवायचं सोल्युशन वाळू द्या. नोझल लावण्याआधी पाणी सोडून पाइपातली माती धुऊन काढा. हे मी विसरलो आणि सुईनं नोझल टोकरत बसलो. माती लोटायच्या आधी गळती बघा. फवाऱ्याचं टोक जमिनीशी सपाट ठेवा, नाहीतर गवत कापताना मशीन त्यालाच कापेल.

प्रत्येक लाइन दहा मिनिटं चालवली, तर ही मांडणी साधारण साडेसहा मिलिमीटर पाणी देते. बैलहोंगलकडच्या काळ्या रानात ते एकदम मुरत नाही, तिथं पाच-पाच मिनिटं असं दोनदा द्या. उन्हाळ्यात आठवड्याला 25 मिलिमीटर धरलं, तर दोन हजार लिटर पाणी जातं. मागं आड असेल तर ठीक. नळ चार दिवसांनी येणाऱ्या गल्लीत मी तरी एवढी हिरवळ ठेवणार नाही. पंधरा बाय पंधरा ठेवा, पाचशे लिटरमध्ये भागतं.

आणि एक वळीव चांगला पडला, की त्या आठवड्यात पंपाचं बटण दाबू नका. नमस्कार.