केंडो नागासाकी : न बोलणारा खलनायक

नमस्कार श्रोतेहो.

आपल्याकडे कुस्ती म्हणजे तांबडी माती, हलगी आणि चितपट. आज मात्र मी ब्रिटनमधल्या व्यावसायिक कुस्तीबद्दल बोलणार आहे. तिथे निकाल आधीच ठरलेला असे, तरी प्रेक्षक जीव तोडून ओरडत. दर शनिवारी दुपारी चारच्या सुमारास लाखो घरांत आयटीव्हीवर ही कुस्ती लागायची, आणि त्यातला सगळ्यात मोठा खलनायक होता केंडो नागासाकी.

डोकं आणि चेहरा झाकणारा मुखवटा, सामुराईचा वेश, हातात तलवार. १९६४ साली तो पहिल्यांदा रिंगणात उतरला, तेव्हा महायुद्ध संपून वीस वर्षंही झाली नव्हती. जपानी योद्धा म्हटल्यावर प्रेक्षकांच्या कपाळावर आठ्या येणारच. अणुबॉम्बनं होरपळलेल्या शहराचं नाव खलनायकाला द्यावं, हे मला आजही खटकतं. मुखवट्याखालचा माणूस होता पीटर थॉर्नली, अस्सल इंग्लिश, ज्यूदो शिकलेला.

पण खरी कमाल वेशाची नाही, मौनाची. तो बोलतच नसे. बोलायचं काम त्याचा भपकेबाज व्यवस्थापक जॉर्ज जिलेट करायचा. जिलेट जितका बडबडा, तितका हा गप्प. त्या गप्पपणानंच लोकांच्या मनात धडकी भरायची. चेहरा नाही, आवाज नाही, तरी अख्खं सभागृह पेटवायचं! खांदे, मान, चाल यांतून राग दाखवायचा. माझ्या मते हा अभिनय फार वरच्या दर्जाचा होता.

मार्च १९६६ मध्ये हॅन्लेच्या व्हिक्टोरिया हॉलमध्ये त्यानं काउंट बार्टेली या जुन्या मुखवटाधारी मल्लाला हरवलं. हरणाऱ्यानं मुखवटा उतरवायचा, अशी अट होती. त्या रात्रीपासून नागासाकीचं नाव झालं. मग प्रत्येकाला एकच ध्यास लागला, याचा मुखवटा कोण काढणार? डिसेंबर १९७५ मध्ये सॉलिहल इथल्या लढतीत बिग डॅडी या धिप्पाड मल्लानं तो ओढून काढला. क्षणभर चेहरा दिसला, आणि टीव्हीसमोर बसलेल्यांनी तो पाहिला.

तरीही गूढ संपलं नाही. दोन वर्षांनी, डिसेंबर १९७७ मध्ये, वुल्व्हरहॅम्प्टनच्या सिव्हिक हॉलमध्ये रीतसर सोहळा करून त्यानं स्वतःच मुखवटा उतरवला. बिग डॅडीनं केलेल्या ओढाताणीपेक्षा मला हा प्रसंग कितीतरी मोठा वाटतो. हरून नव्हे, स्वतःच्या मर्जीनं चेहरा दाखवायचा, तोही खलनायकानं! पुढच्या वर्षी तो निवृत्त झाला, १९८६ च्या सुमारास परतला, आणि पुन्हा मुखवटा घालूनच. १९८८ मध्ये आयटीव्हीनं कुस्ती दाखवणं बंद केलं, तरी चाहते त्याला विसरले नाहीत. चित्रकार पीटर ब्लेक यांनी त्याचं चित्र काढलं, बीबीसीनं त्यावर माहितीपट केला. थॉर्नलीनं स्वतःच्या नावानं आत्मचरित्र प्रसिद्ध केलं ते थेट २०१८ साली.