रिडायरेक्ट लूप: कुकीज नंतर, आधी रस्ता बघा

मंडळी, गेल्या द्राक्षाच्या सीझनला दिंडोरीहून माझ्या मावसभावाचा फोन आला, बेदाण्याची त्याची छोटी वेबसाइट, आणि ती उघडायला गेलं की टू मेनी रिडायरेक्ट्स, म्हणजे पान उघडायच्या ऐवजी गोल गोल फिरतं, यालाच लूप म्हणतात. तीन दिवस तो कुकीज, म्हणजे साइट ब्राउझरमध्ये ठेवते त्या छोट्या नोंदी, डिलीट करत होता, कारण जो भेटेल तो तेच सांगत होता. मला याचा खरंच त्रास होतो. कुकीमुळे लूप होतो, नाही असं नाही, लॉगिनवाल्या साइटवर होतो, पण इन्कॉग्निटोमध्ये, म्हणजे जुन्या कुकीज नसलेल्या खासगी विंडोमध्येसुद्धा साइट उघडत नसेल तर दोष तुमच्या ब्राउझरचा नाही. आणि गिऱ्हाईकाला काय सांगणार, आधी कुकीज काढ मग बेदाणे घे?

रिडायरेक्ट म्हणजे काय, तर सर्व्हर म्हणतो इथे नाही, तिकडे जा, आणि लोकेशन नावाच्या हेडरमध्ये नवा पत्ता देतो. आता समजा नाशिकमध्ये द्वारकेला पत्ता विचारला तर म्हणाले मुंबई नाक्याला जा, मुंबई नाक्यावर म्हणाले द्वारकेला जा. माणूस दुसऱ्या चकरेला वैतागेल, क्रोम बिचारा 20 वेळा जातो आणि मग थांबतो.

म्हणून काही बदलायच्या आधी नुसतं बघा. टर्मिनल, म्हणजे कमांड लिहायची विंडो उघडा, कर्ल ही कमांड लिहा, मग डॅश, कॅपिटल आय, कॅपिटल एल आणि तुमचा पत्ता. प्रत्येक उडी ओळीने दिसते, 301 म्हणजे कायमचं रिडायरेक्ट का 302 म्हणजे तात्पुरतं, आणि पुढचा पत्ता कुठला. कोणते दोन पत्ते एकमेकांकडे ढकलतायत हे कळलं की अर्धं काम झालं.

भावाच्या केसमध्ये गंमत अशी की एचटीटीपीएसचा, म्हणजे सुरक्षित पत्ता पुन्हा त्याच एचटीटीपीएसवर जात होता, अक्षराचाही फरक नाही! असं दिसलं की मध्ये कोण बसलंय ते शोधा. क्लाउडफ्लेअर ही गिऱ्हाईक आणि तुमचा सर्व्हर यांच्यामध्ये बसणारी सेवा, तिच्यात फ्लेक्सिबल नावाची एसएसएल, म्हणजे सुरक्षित जोडणीची सेटिंग असते, त्यात गिऱ्हाईक ते क्लाउडफ्लेअर एचटीटीपीएस, पण तिथून तुमच्या सर्व्हरपर्यंत साधं एचटीटीपी. सर्व्हरवर तर आपणच लिहून ठेवलेलं असतं की साधं आलं तर एचटीटीपीएसवर पाठव. तो पाठवतो, मधला परत साधं करून आणतो, हा परत पाठवतो. दोघंही आपापल्या जागी बरोबर, म्हणूनच चूक सापडत नाही. उपाय म्हणजे आधी सर्व्हरवर एचटीटीपीएससाठी लागणारं सर्टिफिकेट बसवा, लेट्स एन्क्रिप्टचं फुकट मिळतं, आणि मगच क्लाउडफ्लेअरची सेटिंग फुल स्ट्रिक्ट करा, म्हणजे शेवटपर्यंत एचटीटीपीएस. क्रम उलटा केलात तर लूप जाईल पण दुसराच एरर येईल.

लूपचं दुसरं कारण पत्त्यातलं डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू, त्याचं सोपं आहे, होस्टिंग म्हणतं लावा, वर्डप्रेस, म्हणजे साइट चालवणारं सॉफ्टवेअर, म्हणतं काढा, दोघांत एकच ठरवा. वर्डप्रेसचा अ‍ॅडमिनच उघडत नसेल तर डब्ल्यूपी कॉन्फिग फाइलमध्ये होम आणि साइट यूआरएल दोन्ही लिहून टाका.

आणि एक, हे कळकळीने सांगतोय, टेस्टिंग चालू असताना 301 वापरू नका, 302 वापरा. 301 ब्राउझर लक्षात ठेवतो, तुम्ही सर्व्हरवर दुरुस्ती केली तरी तुमच्या लॅपटॉपवर जुनीच चक्कर दिसत राहते आणि माणूस बरोबर केलेलं परत बिघडवून बसतो. भावाने एकदा तसंच केलं होतं, दुसऱ्या दिवशीच सर्टिफिकेट बसलेलं होतं आणि त्याने ते काढून टाकलं.

चला, ज्यांची साइट आत्ता अडकलेली आहे त्यांनी लॅपटॉप घेऊन पुढे या, पहिली उडी कुठे जाते ते बघू.