तीन मैलांपलीकडचं पाणी

अलास्काचं उत्तर टोक. गाव उत्कियाग्विक. मे महिन्यातही समुद्र गोठलेला. बर्फाला भेग पडून पाणी मोकळं झालं, की इथले मूळनिवासी इनुपियाट शिकारी सीलच्या कातड्याची होडी घेऊन काठाशी दबा धरून बसतात. मोठ्यानं कुणी बोलत नाही. बोहेड देवमाशाचे कान फार तिखट! शिकार मिळाली, की मांस गावभर वाटलं जातं. ते विकायचं नसतं.

याच किनाऱ्यावर, प्रुडो बे इथं, १९६८ मध्ये तेल सापडलं. इनुपियाट लोकांनी १९७२ मध्ये स्वतःचं स्थानिक सरकार उभं केलं, नॉर्थ स्लोप बरो, आणि तेल कंपन्यांच्या मालमत्तेवर कर बसवला. गावात शाळा आल्या, दवाखाने आले, नळ आले, ते या पैशातून.

मग आलं १९७७. देवमाशांच्या शिकारीचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगानं शिकारच बंद केली. बोहेड संपत आलेत, फार तर २,००० उरलेत, असा हिशेब होता. शिकारी म्हणाले, तुम्ही मोकळ्या पाण्यातलेच मोजता. बर्फाखालून जातात त्यांचं काय? बरोनं शास्त्रज्ञ नेमले. पाण्यात माइक सोडले. बर्फाखालून जाणाऱ्या माशांचे आवाज ऐकू आले आणि आयोगाला आकडे बदलावे लागले. पुढं मासेही वाढत गेले. २०११ ची मोजणी १६,००० च्या वर गेली.

या मोजणीचा खर्च तेलाच्या करातून निघत होता.

जमिनीवरच्या तेलाचा पैसा घ्यायचा आणि समुद्रातल्या तेलाला विरोध करायचा, याला दुटप्पीपणा म्हणणं सोपं आहे. पण जमिनीवरच्या तेलाचा कर गावाला मिळतो. किनाऱ्यापासून तीन सागरी मैल ओलांडले, की समुद्र वॉशिंग्टनमधल्या केंद्र सरकारचा. तिथल्या विहिरीवर बरोला कर लावता येत नाही. तेल सांडलं, तर मात्र ते यांच्याच ताटात येणार.

कायदा तरी? अलास्कातल्या ग्रामीण रहिवाशांच्या निर्वाहाच्या शिकारीला १९८० च्या कायद्यानं संरक्षण दिलं होतं. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की हा तीन मैलांपलीकडचा समुद्र अलास्कात मोडतच नाही. देवमाशाला हे कुणी कळवलं नसावं.

२००८ मध्ये अलास्काच्या वायव्येकडच्या चुक्ची समुद्रातल्या तेलपट्ट्यांचा लिलाव झाला. एकट्या शेल या तेल कंपनीनं २ अब्ज डॉलरच्या वर बोली लावली. पॉइंट होप हे गाव कोर्टात गेलं. भीती गळतीची होतीच, पण त्याआधी आवाजाची. समुद्रतळाच्या पाहणीसाठी हवेचे बार उडवले, की बोहेड वीसेक किलोमीटर वळसा घालून जातात. होडीचे कप्तान हे आधीपासून सांगत होते. मोजमाप नंतर झालं. मासा लांब गेला, की लहान होड्यांनाही तितकंच लांब, उधाणलेल्या समुद्रात जावं लागतं.

३१ डिसेंबर २०१२ ला शेलचं कुलुक हे विहीर खणणारं तरंगतं यंत्र वादळात सुटून कोडियाकजवळच्या बेटाला धडकलं. २०१५ मध्ये एक विहीर खणली गेली. पुरेसं तेल नाही म्हणत, सुमारे ७ अब्ज डॉलर खर्चून शेल निघून गेली.

पण सगळे इनुपियाट एकमुखी होते असं समजू नका. इनुपियाट भागधारकांच्याच महामंडळानं २०१४ मध्ये शेलच्या प्रकल्पात हिस्सा घेण्याची तयारी केली होती. तेल आटलं, तर शाळा चालणार कशा, हा प्रश्न त्यांचाही होता.

शिकारीच्या हंगामात कंपन्यांची जहाजं कुठून जातील, काम कधी थांबेल, हे ठरवायला कप्तानांनी एक करार तयार केलेला आहे. तो ऐच्छिक आहे. सही करायची की नाही, ते कंपनी ठरवते.